मात्रा हरवली की : त्वचेचा रंग, उजेडाचा दिवा आणि क्रीमची डबी

(जरीपटका, नागपूर इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न दिला आहे.)



आजच्या विषयाची पाटी बाहेर लावली होती तेव्हा दोघातिघांनी मला थांबवून विचारलं, की सर, कातडी काळी करायचा दिवा म्हणजे काय? आणि तो नागपुरात कोणाला पाहिजे? प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मुली स्कुटीवर बसायच्या आधी डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड दुपट्ट्याने बांधून घेतात. अशा गावात कोणी पैसे देऊन, काचेच्या पेटीत झोपून, उन्हाचे चटके विकत घेईल हे खरं वाटत नाही. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला हा धंदा पन्नास वर्षं चालला आहे. त्याचा इतिहास बघता बघता आपण शेवटी पोचणार आहोत ते लांब नाही, अकोल्याला. इथून रेल्वेने अडीचशे किलोमीटर.

आपण बसलोय त्या जागेपासूनच सुरू करू. जरीपटका म्हणजे मराठ्यांचं जरीचं निशाण. पण आज हे नाव काढलं की नागपूरकराला आठवते फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी उभी केलेली वस्ती, आणि इथली बाजारपेठ. लग्नाची खरेदी, कपडे, चपला, बांगड्या आणि सौंदर्यप्रसाधनं. लग्नसराई आली की अशा कुठल्याही बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'हळदीच्या आत थोडा रंग उजळायला पाहिजे.' हे वाक्य मराठी घरात बोललं जातं, सिंधी घरात बोललं जातं, हिंदी घरातही. ते लक्षात ठेवा. आपल्याला परत त्याच्यापाशी यायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. आपल्या वैद्यकात 'मात्रा' हा शब्द आहे. मात्रा म्हणजे औषध, आणि मात्रा म्हणजे त्या औषधाचं प्रमाणही. एकच शब्द दोन्हीला. आज मी दोन वस्तूंबद्दल बोलणार आहे. एक दिवा, एक डबी. दोन्ही वस्तू पहिल्यांदा औषध म्हणून आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर प्रमाण होतं, नोंद होती, देणारा जबाबदार माणूस होता. मग त्या बाजारात गेल्या. औषधाचं नाव राहिलं, प्रमाण हरवलं. पुढे जे झालं ते या हरवण्यातून झालं.

दवाखान्यातला उजेड

डेन्मार्कमध्ये नील्स फिन्सेन नावाचे एक डॉक्टर होते. जन्म १८६० चा, फॅरो बेटांवरचा. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने ऊन दिसायची मारामार अशा जागेचा. प्रकृती नाजूक. उन्हात बसलं की आपल्याला बरं वाटतं हे त्यांनी स्वतःवरच पाहिलं, आणि उजेडाचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास सुरू केला.

त्या काळी त्वचेचा क्षयरोग फार होता. नाक, गाल, ओठ झडत जात. माणूस घराबाहेर पडायला लाजायचा. फिन्सेनने कार्बनच्या ज्योतीचा मोठा विजेचा दिवा घेतला, त्याचा उजेड भिंगांतून एका लहानशा डागावर आणला, मध्ये पाणी खेळवून उष्णता काढून घेतली. परिचारिका काचेची चकती त्या डागावर दाबून धरायची, म्हणजे तिथलं रक्त बाजूला होऊन उजेड आत पोचेल. एका वेळी एवढासा डाग. असं महिनोन्महिने. १८९६ साली कोपनहेगनला त्यांची संस्था निघाली, १९०३ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि पुढच्याच वर्षी, ४३ व्या वर्षी ते गेले.

त्याच १९०३ साली स्वित्झर्लंडमध्ये लेझँ या डोंगरातल्या गावी ऑगुस्त रोलिए यांनी क्षयरोग्यांसाठी सूर्यस्नानाचा दवाखाना काढला. त्यांची पद्धत ऐका. पहिल्या दिवशी ऊन फक्त पावलांवर, पाचेक मिनिटं. मग हळूहळू पाय, मांड्या, पोट, रोज थोडा वेळ वाढवत. डोकं झाकलेलं. एकदम उघडं टाकायचं नाही. मी मात्रा म्हणतो ती ही.

१९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांवर दिव्याचा उजेड सोडला आणि त्यांची हाडं सुधारताना दाखवली. त्या उजेडाने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं हे पुढे कळलं. आता गंमत बघा. त्यांनी वापरला तो दिवा पाऱ्याच्या वाफेचा होता. स्फटिकाच्या नळीत पाऱ्याची वाफ, तिच्यातून वीज, आणि त्यातून निघणारे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. पारा हा शब्दही ध्यानात ठेवा, तो डबीतही भेटणार आहे.

हे सगळं युरोपातच राहिलं असं नाही. जामनगरला आजही एक इमारत उभी आहे. क्रिकेटवाले रणजितसिंहजी, म्हणजे जामनगरचे जामसाहेब, त्यांनी फ्रान्समधल्या डॉ. साइदमान यांच्याकडून फिरतं सूर्यगृह बांधून घेण्याचं ठरवलं. १९३० च्या दशकात ते उभं राहिलं. उंच मनोऱ्यावर लांबलचक खोल्यांची एक पट्टी, आणि ती पट्टी सूर्याबरोबर सावकाश फिरायची, म्हणजे रोग्याला सरळ ऊन मिळावं. आपल्याकडे पुण्याजवळ उरुळी कांचनला १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. निसर्गोपचारात माती, पाणी यांच्या जोडीला सूर्यस्नान असतंच. तेही कोवळ्या उन्हात, ठरावीक वेळ.

आणि याहून जुनी गोष्ट आपल्या घरातली. कोडाच्या डागांना बावची लावायची आणि उन्हात बसायचं, हा उपाय आयुर्वेदात फार जुना आहे. बावचीतलं सोरालेन नावाचं द्रव्य कातडीला उन्हाबद्दल हळवं करतं, म्हणून हा उपाय चालतो. इजिप्तमध्ये तशाच एका वनस्पतीवर १९४० च्या दशकात काम झालं, आणि १९७४ साली सोरालेन आणि अतिनील दिवा असा जोड-उपचार आधुनिक वैद्यकात रूढ झाला. पाचच वर्षांनी, १९७९ साली, हा उपचार घेणाऱ्या रुग्णांमध्ये त्वचेचे कर्करोग वाढलेले दिसतात असा अहवाल आला. डॉक्टरांनी काय केलं? उपचार टाकून दिला नाही. मात्रा मोजायला लागले, एकूण बैठकांची नोंद ठेवायला लागले, डोळ्यांना गडद चष्मा सक्तीचा केला, आणि पुढे ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्याचे दिवे आल्यावर बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे वळले. कोडासाठी, सोरायसिससाठी आजही चर्मरोग विभागात असे दिवे वापरतात. त्यांना घाबरू नका. तिथे नोंदवही आहे.

दिवा बाजारात गेला

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयाला गोळ्या-इंजेक्शनं मिळाली, आणि उजेडाचे दवाखाने एकेक करून ओस पडले. रोग गेला, पण दिवा राहिला. आणि दिव्याबरोबर 'ऊन म्हणजे आरोग्य' ही समजूत राहिली.

युरोपात तोपर्यंत एक उलथापालथ झाली होती. पूर्वी तिथेही गोरी कातडी म्हणजे श्रीमंत घर, कारण उन्हात राबायचं ते शेतकऱ्याने. मग मजूर कारखान्यात गेला, दिवसभर छपराखाली, फिकट पडला. आणि श्रीमंत माणूस सुट्टीला समुद्रावर जाऊन तांबूस होऊन यायला लागला. १९२० च्या दशकापासून तिथे उन्हाने रापलेली कातडी म्हणजे पैसा आणि फुरसत. आपल्याकडे अजून मजूर उन्हातच आहे. रोवणी करणारी बाई उन्हात, विटा वाहणारा उन्हात, डिलिव्हरीवाला पोरगा उन्हात. म्हणून आपल्याकडे गोरेपणा म्हणजे पैसा आणि फुरसत. रंग उलटे आहेत, हिशेब तोच आहे. मी उन्हात राबत नाही हे कातडीवर लिहून दाखवायचं. तिकडे मी सुट्टीला जाऊ शकतो हे दाखवायचं.

१९७० च्या दशकात जर्मनीत फ्रीडरिश वोल्फ यांनी अतिनील नळ्यांचा पलंग तयार करून विकायला काढला. खाली नळ्या, वर नळ्या, मध्ये माणूस. दशक संपायच्या आत अमेरिकेत दुकानं निघाली. जाहिरात अशी, की यात जाळणारे ब किरण कमी, अ किरण जास्त, म्हणून हे उन्हापेक्षा सुरक्षित. कातडी भाजत नव्हती हे बऱ्याच अंशी खरं होतं, आणि तोच धोका होता. भाजलं की माणूस उठून जातो. अ किरण चटका कमी देतात आणि खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलंय की यातल्या जोरदार यंत्रांचे अ किरण भर दुपारच्या भूमध्य सागरी उन्हाच्या दहा ते पंधरा पट असू शकतात.

आता कातडी रापते म्हणजे काय होतं, ते दोन मिनिटांत सांगतो. अतिनील किरण पेशीच्या आत जाऊन डीएनएला इजा करतात. इजा झालेली पेशी शेजारच्या रंगपेशीला निरोप धाडते, आणि ती मेलॅनिन नावाची छत्री पाठवते. म्हणजे रापलेला रंग ही इजा झाल्यानंतरची मलमपट्टी आहे. बरं, ही छत्रीही फाटकी. सनस्क्रीनच्या हिशेबात तिचं संरक्षण तीन-चारच्या घरात भरतं. 'सुट्टीला जायच्या आधी थोडं रापून घेते, म्हणजे तिथे भाजणार नाही' हा तिकडचा लाडका समज म्हणूनच खोटा ठरला. आणि 'ड जीवनसत्त्व मिळतं' हेही फार पुढे जात नाही, कारण ते तयार करतात ब किरण, आणि दुकानातले पलंग मुख्यतः अ किरणांचे.

धोका कधी कळला? १९२८ साली. जॉर्ज फिंडले यांनी पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण पांढऱ्या उंदरांवर सोडले, त्यांच्या कातडीवर कर्करोगाच्या गाठी आल्या, आणि ते लॅन्सेटमध्ये छापूनही आलं. पलंगाची दुकानं निघायच्या पन्नास वर्षं आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९२ साली या दिव्यांना 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं, आणि २००९ साली थेट पहिल्या गटात टाकलं, ज्या गटात तंबाखू आहे. तेव्हाच्या पाहणीत तिशीच्या आत हे पलंग वापरायला सुरुवात करणाऱ्यांमध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी जास्त आढळला. डोळ्यांतल्या मेलॅनोमाचाही संबंध दिसला.

आकड्यांनी कायदे झाले, पण एका मुलीचं नाव घ्यायलाच पाहिजे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला क्लेअर ऑलिव्हर नावाची तरुणी होती. तिला मेलॅनोमा झाला. तिने पूर्वी असे पलंग वापरले होते. शेवटच्या दिवसांत ती वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून एकच सांगत राहिली, की माझ्यासारखं करू नका. २००७ साली २६ व्या वर्षी ती गेली. पुढच्याच वर्षी तिच्या राज्यात अठराखालच्यांना बंदी आली, आणि २०१५ सुरू झालं तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत दुकानी पलंगांवर पूर्ण बंदी आली. ब्राझीलने २००९ मध्येच बंदी घातली होती. इंग्लंडमध्ये २०११ पासून अठराखालच्यांना बंदी आहे. अमेरिकेत २०१४ पासून यंत्रावर ठळक इशारा सक्तीचा आहे, पण दुकानं चालू आहेत.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं-मुली, भाचे-पुतणे अमेरिका-युरोपात आहेत. तिथे कॉलेजच्या मित्रमैत्रिणींबरोबर कोणी गंमत म्हणून गेलं, तर सांगा. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, त्यामुळे आपल्याला मेलॅनोमा गोऱ्या लोकांच्या मानाने खूपच कमी होतो, हे खरं आहे. उगाच घाबरवायचं नाही. पण कमी म्हणजे शून्य नाही. आपल्याला होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली असतो, जिथे कोणी बघत नाही, म्हणून उशिरा कळतो. आणि डोळ्यांना, मोतीबिंदूला, सुरकुत्यांना सावळ्या-गोऱ्याचा भेद नाही.

आता डबी

तर तिकडचे लोक काळं व्हायला दिव्याखाली झोपले. इकडचे गोरं व्हायला काय करत होते?

पारा हे जुनं औषध आहे. उपदंशाला, म्हणजे गरमीला, युरोपात शतकानुशतकं पाऱ्याचं मलम चोळलं. त्यानेही माणसं आजारी पडत, पण दुसरा इलाज नव्हता. मग लक्षात आलं की पाऱ्याचा क्षार लावला की त्या जागेची कातडी फिकी पडते. कारण सरळ आहे. मेलॅनिन तयार करायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं, आणि पारा त्याचं काम बंद पाडतो. विसाव्या शतकात पाऱ्याचे क्षार घातलेली वांगाची, डागांची क्रीमं युरोप-अमेरिकेत दुकानात मिळत.

१९७२ साली केनियात नैरोबीच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निबंध लिहिला. त्यांच्याकडे अंगावर सूज येऊन, लघवीतून प्रथिनं जाऊन लोक येत होते, त्यात तरुण बायका. तपास करत गेल्यावर धागा सापडला तो उजळ होण्याच्या क्रीमचा. क्रीममध्ये पारा. त्या दशकात अमेरिकेने आणि युरोपने सौंदर्यप्रसाधनांतला पारा जवळपास बंद केला.

भारताचं काय? आपल्या आज्या 'स्नो-पावडर' म्हणायच्या. त्यातलं अफगाण स्नो मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ साली काढलं. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आलं, आणि गोरेपणा ही खुलेआम जाहिरात करून विकायची वस्तू झाली. इथे स्पष्ट सांगतो, कोणाचा गैरसमज नको. ते पाऱ्याचं क्रीम नव्हतं. पण 'उजळली म्हणजे नोकरी, उजळली म्हणजे लग्न' ही जाहिरात घरोघरी पोचली. २०२० साली त्याच्या नावातून फेअर शब्द गेला. मागणी मात्र तशीच राहिली, आणि कायद्याने चालणारं क्रीम फार हळू काम करतं, खरं तर फारसं करत नाही. मग 'आठ दिवसांत फरक' म्हणणारी, बनवणाऱ्याचा पत्ता नसलेली डबी त्या रिकाम्या जागेत शिरते.

२०२३ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत अकोल्याची बातमी आली. एक शिकणारी तरुण मुलगी, तिची आई आणि मोठी बहीण. तिघींच्या मूत्रपिंडाला एकापाठोपाठ त्रास सुरू झाला. एकाच घरात तिघींना, म्हणजे काहीतरी सामाईक असणार. पाणी? अन्न? मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला. तिघी एकच क्रीम लावत होत्या, गावातच घेतलेलं. तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला.

मला या बातमीत एक गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. क्रीमने काम केलं होतं. फरक दिसत होता, म्हणून तर एकीचं बघून दुसरीने लावलं. घरात चांगली वस्तू आली की आपण आईला, बहिणीला देतो. त्या मायेच्या वाटेने पारा तिघींपर्यंत पोचला.

ही एकटी घटना नाही. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या १५ जणांमध्ये आजाराचा जो दुर्मिळ प्रकार निघाला, त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचं क्रीम लावत असल्याचं सांगितलं.

पारा शरीरात काय करतो? कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची गाळणी बिघडते, प्रथिनं लघवीतून वाहून जातात. लघवीला साबणासारखा टिकून राहणारा फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पावलांवर सूज येते. दुखत काहीच नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. वेळेवर क्रीम थांबवलं तर बहुतेक जण सुधारतात, ही त्यातली दिलाशाची गोष्ट. शिवाय पारा उशीला, टॉवेलला लागतो, त्याची वाफ घरात राहते. म्हणजे लहान बाळ क्रीम लावत नसलं तरी आईच्या गालाला गाल लावतं.

कायदा नाही का? आहे. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत, डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर, चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. जपानमधल्या मिनामाता गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात २०१८ पासून आहे. २०२३ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ठरलं की २०२५ नंतर पारा घातलेलं सौंदर्यप्रसाधन मुळीच नको, एका भागाचीही सवलत नको. पण कायदा पकडतो तो पत्ता असलेल्या कारखान्याला. बिनपत्त्याची डबी पिशवीतून येते, ऑनलाइन येते, ओळखीतून येते.

या डबीची एक बहीणही आहे, स्टिरॉइडचं मलम. खाजेसाठी, इसबासाठी डॉक्टर थोडे दिवस देतात ते. चेहऱ्याला लावलं की आठवड्यात चमक येते, म्हणून लोक महिनोन्महिने लावतात. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, मिशांच्या जागी केस येतात, आणि थांबवलं की आग होते, म्हणून परत लावतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा आदेश काढला. डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे तरी काय? किती, कुठे आणि किती दिवस हे लिहिलेला कागद. परत मात्राच.

मग करायचं काय

इतिहास ऐकून घरी जाताना हाताशी काहीतरी हवं. म्हणून थोडक्यात सांगतो.

दिव्याबद्दल. रंगासाठी अतिनील दिव्याखाली झोपू नका, कुठल्याही देशात, कितीही स्वस्तात. ड जीवनसत्त्व कमी असेल तर रक्त तपासा, डॉक्टर गोळी देतील. कोडासाठी दिवा सांगितला असेल तर तो दवाखान्यातच, चष्मा लावून, नोंदीसह. बावचीचं तेल स्वतःच्या मनाने लावून नागपूरच्या उन्हात बसू नका, फोड येतात. काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, कातडी उन्हाला हळवी होते. 'महाराष्ट्र श्री'सारख्या स्पर्धेत शरीरसौष्ठववाले अंगाला रंग फासतात, तसा वरून लावायचा रंग वेगळा. तो कातडीच्या मेलेल्या थरावर बसतो आणि काही दिवसांत जातो. फवारा मारताना नाकातोंडात, डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि त्याने उन्हापासून संरक्षण होतं असं समजू नका.

तीळ किंवा डाग आकाराने वाकडा होत असेल, कडा फाटक्या असतील, एकाच डागात दोन-तीन रंग असतील, वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल तर दाखवा. अंघोळ करताना महिन्यातून एकदा तळपाय बघा.

डबीबद्दल. बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, घटकांची यादी, यातलं काही नसेल तर घेऊ नका. परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक बघा. घटकांत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी असे शब्द असतील तर ती डबी नको. आणि एक सोनारी खूण सांगतो. डबीवर 'सोनं, चांदी, ॲल्युमिनियमला लागू देऊ नका, दागिने काढून लावा' असं लिहिलेलं असेल तर सावध व्हा. पारा सोन्याला धरतो, हे आपल्या सराफ्यात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. जे अंगठीला लावायचं नाही ते गालाला कशाला?

एक प्रश्न

प्रश्न (एक श्रोत्या) : सर, माझी सून दीड वर्षापासून असंच एक क्रीम लावते. डबीवर नाव आहे, पत्ता नाही. मी बोलले तर तिला वाटेल सासूबाई टोमणा मारतात. काय करू?

उत्तर : ताई, खरं अवघड काम तेच आहे. 'क्रीम वाईट आहे' इथून सुरुवात करू नका. 'आपण दोघी लघवी तपासून घेऊ' म्हणा. दोघी. साधी तपासणी आहे, खर्च फार नाही, त्यात प्रथिनं जातात का ते कळतं. काही निघालं तर डॉक्टरांना क्रीमचं आवर्जून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. रक्त-लघवीतला पारा तपासायचा का हे ते ठरवतील. मेडिकलला किंवा मेयोला चर्मरोगाच्या ओपीडीत दाखवा. डबी कचऱ्यात टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, मुलांपासून लांब, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करून त्यांच्या ताब्यात द्या. डबीच नसेल तर तपासणार कशाची? क्रीम थांबवल्यावर रंग परत पहिल्यासारखा होईल, आणि त्यात स्टिरॉइड असेल तर काही दिवस चेहऱ्याची आगही होईल. त्या वेळी ती परत डबीकडे वळेल. म्हणून थांबवतानाही चर्मरोगतज्ज्ञ सोबत हवा.

आणि एक. घरात पाहुणे आले की 'थोडी सावळीच आहे, पण स्वभावाने चांगली' असं आपण बोलतो ना, तो 'पण' आधी काढा. दीड वर्षापूर्वी ती डबी घरात आली ती बहुतेक त्याच्यामुळे. तुमच्याच घरात असं म्हणत नाही मी, माझ्याही आईच्या तोंडी तो होता.

पाणी बाहेर ठेवलं आहे, पिऊन जा. ऊन आहे, दुपट्टे बांधा.